भरीव रबराची चाकं

शाळेत शिकवायला जाताना शीळच्या रस्त्यावर रोज धुकं असायचं आणि माझी बायसिकल त्यातून तरंगत जायची. हवा भरलेली चाकं तेव्हा नवीनच निघाली होती. त्यांच्यावर बसलं की खालचा रस्ता जाणवतच नसे.

समोरून मात्र खडखडाट यायचा. मग धुक्यातून पागोटेवाला, उतारवयाचा एक माणूस उमटायचा. तो रस्त्याच्या कामावरचा मिस्त्री. त्याच्या बायसिकलला जुनी, भरीव रबराची चाकं होती. मधेच उतरून तो रस्त्यावर चुन्याची फुली मारायचा.

एकदा आम्ही एकाच विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. त्याच्या हातातला तांब्या इतका थरथरत होता की अर्धं पाणी मिशांवरच सांडलं. मला राहवेना.

"अहो मिस्त्री, हाडं खिळखिळी झाली की तुमची! हवेची चाकं का नाही बसवून घेत?"

तो हसला.

"मास्तर, तुमच्या चाकांवर बसलो तर खड्डा मला कळायचा कसा?"

आणि खडखडत धुक्यात गेला.

मीही निघालो. मागल्या आठवड्यातल्या फुल्यांवर आता खडी दाबून बसवलेली होती. तिच्यावरून माझी चाकं अलगद गेली. माझे हात जराही थरथरले नाहीत.