रुमालाखालचं इंग्रजी

"बिरुदेव आण्णा, बसा की. उन्हातनं आलाय."

"बसाय न्हाय आलो, बाई. चैतालीचा दाखला द्या. उद्यापास्नं ती घरी."

बुद्धप्रियाबाईंनी खुर्ची पुढं सरकवली, ती रिकामीच राहिली. जनावरांचा व्यापारी असलेला आण्णा ऑफिसच्या दारात उभा. मंद्रूपच्या अलीकडल्या या शाळेत त्याची चैताली नववीला, बाई तिला इंग्रजी शिकवायच्या. आण्णाच्या थोरलीचा दाखला असाच निघाला होता, आणि पुढल्याच लगीनसराईत तिच्या हाताला हळद लागली होती. दाखला निघाला की पुढं काय, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"माज्या पोरीचा हात त्या इंद्रजीतच्या हातात दिला तुमी. वरनं रुमाल टाकून. पारावर टगी हसत्यात माज्याकडं बगून."

खोटं नव्हतं ते.

पोरांचं इंग्रजी वहीत पळायचं आणि तोंडात बसकण मारायचं. बाईंनी फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं वाचून घेतलं, पाण्याच्या मोटारीच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचून घेतलं. वाचायची. बोला म्हटलं की मुंड्या खाली. मग एकदा बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे व्यापारी बघितले आणि बाईंनी तोच बाजार वर्गात मांडला. भाव बोटांनी, जनावराचे गुण-दोष तोंडानं, इंग्रजीत. बोटांचा भाव सांभाळायच्या नादात पोरं लाजायचं विसरली.

पोरी पोरींशी, पोरं पोरांशी, असा नेम होता. परवा पोरींत चैताली उरली, पोरांत इंद्रजीत. सौदा रंगात आलेला. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. तिथंच घोळ झाला.

"जोडी लावताना माजं चुकलं," बाई म्हणाल्या. "पर चूक माजी न् घरी ती बसणार, हे कुटलं?"

"गावात तोंड मला दावायचं असतंय."

"बाई, वाद नको. देऊन टाकू," म्हणत टेबलाशी बसलेल्या हेडसरांनी खणाला हात घातला.

बाई खणाच्या आडव्या उभ्या राहिल्या. "आण्णा, तुमचा जलम ह्याच सौद्यात गेला. त्यात वंगाळ काय हाय, ते वर्गात येऊन सांगा. मग न्या दाखला."

ते आण्णाला बोचलं. जनावरांच्या धंद्याला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसे. तरातरा वर्गात गेला, चैतालीसमोर बाकावर बसला आणि खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला.

"आपल्या दारातली गाय. तू इकणारी, मी घेणारा. बोल."

रुमाल हलला. चैतालीचे डोळे रडून सुजलेले. तिची मुंडी खाली. आण्णानं पुन्हा बोटं दाबली. दारातून हेडसर बघत होते. बाईंनी तिला शब्द सुचवला नाही.

"नो," चैताली म्हणाली. आवाज सुतासारखा. "शी इज अ गुड काऊ."

आण्णानं भाव एका बोटानं वाढवला.

"नो. लुक ॲट हर लेग्ज. व्हेरी स्ट्राँग."

"मागल्या सडाला दूध कमी हाय की," आण्णा व्यापाऱ्याच्या सवयीनं बोलून गेला. मागं कुणी तरी फिसकन हसलं.

"ओन्ली इन विंटर."

"म्हंजी?"

"फकस्त थंडीत."

"खोटं. बारा म्हैनं कमी हाय."

"मग गिऱ्हाइकाला तसं सांगत्यात व्हय?"

आण्णानं आणखी दोनदा बोटं दाबली. समोरची बोटं जागची हलली नाहीत. त्यानं रुमाल काढून झटकला.

"भावच सोडंना ही, पक्की व्यापारी," तो बाईंकडं न बघता म्हणाला. मग उठला. "दाखला ऱ्हाऊ द्या. पर पुन्ना पोरगं समूर बसलं, तर त्याच दिशी नेणार. मग कुनाचं ऐकायचो न्हाय."

"न्हाय बसणार, आण्णा."

"आन् सडाचं खरं सांगाय शिकवा. फसलेलं गिऱ्हाईक पुन्ना येत न्हाय."

बाहेर त्याची गाडी चालू झाली. हेडसर ऑफिसकडं वळले. चैतालीनं ओढणीनं नाक पुसलं.

बाईंनी हात पदराला पुसले, इंद्रजीतला दोन पोरांत आणि चैतालीला दोन पोरींत घालून तिघा-तिघांचे गट केले, आणि फळ्यावर गाईच्या खोडींचे इंग्रजी शब्द लिहायला घेतले.