आधी वाढावे, मग हाक मारावी

भाताचा हंडा चुलीवरून उतरवून स्वच्छ धुतलेल्या धोतरावर पालथा केला, की त्या शुभ्र राशीतून एक मऊ, ओलसर, किंचित गोड दरवळ उठतो. त्याच्याइतका आश्वासक सुगंध मला दुसरा ठाऊक नाही. आता बसायला हरकत नाही, एवढेच तो सांगतो. या दरवळाने माझे एक अडलेले काम सोडवले, असे म्हटले तर तुम्ही हसाल. हसा! कारण ते काम संगणकाचे होते.

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या संगणकांचा एक संच आला. त्यांचा प्रोसेसर नव्या, खुल्या रचनेचा. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही घडवावा असा. एकट्याने सोडवायचे अवाढव्य गणित अनेकांनी वाटून घ्यावे आणि मध्ये मध्ये एकमेकांना निरोप देत ते तडीस न्यावे, ही समांतर गणनाची सारी युक्ती. हे निरोप पोचवणारे सॉफ्टवेअर जगभरच्या जाणत्या हौशी लोकांनी लिहून सर्वांसाठी मोकळे ठेवले आहे. मी ते मोठ्या थाटात उतरवून घेतले, आणि पहिल्याच पायरीवर पडद्यावर ओळ उमटली, की हा प्रोसेसर ओळखीचा नाही. दारात आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच अडवावे तसे झाले! मला राग आला, आणि हसूही आले. मराठवाड्याच्या माणसाला हे वाक्य नवे का आहे?

पण ते काम सोडून देण्याची सोय नव्हती, कारण मी शिवकांता मॅडमना शब्द देऊन बसलो होतो. मॅडम आमच्या भूशास्त्र विभागातल्या, माहेर उदगीरकडचे. लातूर भागातल्या काळ्या खडकाखालून पाणी कोणत्या अंगाने सरकते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. विहिरींच्या पातळ्या मोजत कितीतरी उन्हाळे त्या रानोमाळ हिंडल्या. गावची माणसे विचारायची, "बाई, पाणी कुठं लागंल, सांगा की." त्या म्हणायच्या, "उत्तर हातात आल्याबगर न्हाई सांगणार." ते उत्तर एका प्रचंड गणितापाशी अडले होते. मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रावर नंबर लागता लागेना. प्रबंधाला मिळालेली मुदतवाढही शेवटची. सुटी लागेपर्यंत गणित सुटले नाही, तर सगळे मुसळ केरात. आणि मी ऐटीत म्हणून गेलो होतो, आपल्याच प्रयोगशाळेत होईल की!

अनोळखी प्रोसेसरवर सॉफ्टवेअर नेणे हे बिऱ्हाड हलवण्यासारखे काम. सामान बहुतेक तेच असते. पण उंबरा किती उंच, खुंटी कोणत्या भिंतीला, हे नव्या घरात चाचपडूनच कळते. हजारो ओळी जशाच्या तशा चालतात, मोजक्याच ओळी प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत लिहाव्या लागतात, आणि खरी गोम तिथेच असते. जुन्या, ओळखीच्या प्रोसेसरची फाइल समोर ठेवून मी आमची नवी फाइल ओळीला ओळ लावत लिहिली. एके दिवशी सगळे संगणक एकदम कामाला लागले. पेढे वाटले. आणि मग कळले, की सकाळी गणित मांडले तर पाणी पूर्वेला सरकते, दुपारी तेच गणित मांडले तर दक्षिणेला!

मॅडम रागावल्या नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "सर, चुकलं तर चुकू द्या. पण हे रोज येगळं चुकायलंय. एकसारखं चुकलं तर त्याला धरता तरी येतंय." काय बोलल्या! एकसारखी चूक ही घरच्या माणसाच्या खोडीसारखी. ती सांभाळून घेता येते. लहरी चुकीला कुठे धरावे? मी ओळन्‌ओळ पालथी घातली. सगळे बरोबर होते, आणि तरीही उत्तर खोटे होते. मला भीती वाटू लागली.

त्याच सुमारास कंधारला काकांच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. आमच्याकडे जेवणाचे आवतण आधीच दिलेले असते, पण तेवढ्यावर कुणी उठून येत नाही. पाने वाढायची वेळ झाली, की घरचा माणूस दारोदार जाऊन दुसरी हाक मारतो, "चला, जेवायला चला." मगच माणसे हातपाय धुऊन निघतात. या दुसऱ्या हाकेवर सारा गाव किती निर्धास्त असतो! ती आली म्हणजे भात शिजलेला असणारच. त्या दिवशी मात्र काकांचा उत्साह उतू चालला होता. आपला वेळ वाया जायला नको, म्हणून चूल धडधडत असतानाच ते हाका मारून आले. पंगत बसली. समोर कोऱ्या पत्रावळी, त्यांच्यावर चिमूटभर मीठ. काकू मागच्या दारातून कडाडल्या, "अवं, भात अजून कच्चा हाय, अन् तुम्ही सगळी गल्ली गोळा करून आलाव?" काका म्हणाले, "मला काय ठाऊक? मी माझं काम करून आलो." सगळी पंगत हसली. मी हसता हसता थबकलो.

मी माझं काम करून आलो! आमचा नवा प्रोसेसर दुसरे काय करत होता? आधी आकडा ठेवायचा आणि मग "ठेवला" अशी खूण करायची, हा निरोपाचा शिष्टाचार. जुना प्रोसेसर हा क्रम आपसूक पाळतो, म्हणून त्या फाइलीत "थांब" सांगणारी जागा रिकामी होती. मीही ती इमानाने रिकामीच ठेवली. नवा मात्र काकांच्या वळणाचा, उरकाचा दांडगा. वेळ वाचत असेल तर क्रम खुशाल उलटवणारा. खूण पुढे पोचायची, आकडा मागे राहायचा, आणि पलीकडचा बिचारा पानावरचे कालचे शिळे उचलून गणित पुढे रेटायचा. थोड्या वेळाने भात शिजून हंडा पालथा झाला, तो दरवळ उठला, आणि माझी भूक दुपटीने वाढली.

नांदेडला परतल्यावर मी त्या रिकाम्या जागी एक आज्ञा लिहिली: थांब, आधी वाढ, मग हाक मार. घेणाऱ्याच्या बाजूलाही एक लिहिली, की हाक ऐकल्यावाचून पानाकडे बघू नकोस. मॅडमनी गणित लावले. उत्तर आले. त्यांनी ते पुन्हा लावले, तेच आले. मग मुद्दाम बाजूला राखून ठेवलेल्या काही विहिरींच्या पातळ्या त्यांनी त्याच्याशी ताडून पाहिल्या. त्या जुळत गेल्या, तशी मॅडमनी पदराने चष्मा पुसला. "सर, आता गावाला सांगते," एवढेच त्या म्हणाल्या. ती नवी फाइल या दुरुस्तीसह मी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. कधीही न भेटलेल्या कुणा परदेशी माणसाने चार शंका विचारल्या, आणि मग ती सगळ्यांसाठी सामावून घेतली. आता जगात कुठेही, कुणालाही, हा प्रोसेसर ओळखीचा नाही असे ते सॉफ्टवेअर म्हणत नाही!

मनात येते, आमच्या मुलखाला हाका काय थोड्या आल्या? हे येणार, ते होणार, म्हणत कितीदा आम्ही पाने मांडून बसलो! वाढणारे हात आपल्यातच आहेत, हे हल्ली हल्ली उमगू लागले आहे, आणि त्याने मला फार बरे वाटते.

प्रबंध मुदतीत गेला. त्यानंतर मॅडमच्या माहेरी जेवणाचे आवतण होते. पाणी कोणत्या अंगाला आहे, हे त्यांनी सकाळीच गावाला पारावर बसवून नकाशावर दाखवले होते; खोदायच्या जागेवर माणसांनी दगड मांडूनही ठेवला होता. मी शेजारच्या ओसरीवर टेकलो होतो. इतक्यात त्या स्वतः दारात आल्या. "चला सर, वाढलंय." आत गेलो, तो भाताचा दरवळ सामोरा आला. मी पाटावर बसलो. पान भरले आहे की नाही, हे मी बसण्याआधी पाहिलेसुद्धा नाही.