उभ्या गाडीचा झोका

जळगावला सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही नऊ वर्षं काढली. आमचे हे तिथल्या एका कार्यालयात हेडक्लार्क, आणि आमच्या मागच्या खोलीत राहणारे जीवरामभाऊ त्याच कार्यालयाचे ड्रायव्हर. सव्वीस वर्षांची नोकरी, एकही अपघात नाही. माणूस बोलका. शुद्ध बोलायला सुरुवात करायचे आणि दोन वाक्यांत अहिराणीत उतरायचे.

एकोणनव्वदच्या जानेवारीत त्यांच्या जीपला डबा बसला. डिझेलची चोरी थांबावी म्हणून वरून आदेश आला होता. प्रयोग म्हणून तीन गाड्या निवडल्या, त्यात ही एक. डॅशबोर्डखाली काळा लोखंडी डबा, त्याला कुलूप, किल्ली आमच्या ह्यांच्याकडे. आत मेणकागदाची गोल चकती घड्याळासारखी फिरायची आणि तिच्यावर एक सुई ओरखडे काढायची. गाडी पळाली की जाड पट्टा, उभी राहिली की बारीक रेघ. दर आठवड्याला हे चकत्या काढून साहेबांपुढे ठेवत.

"ताई, या डब्बामा सासू बसेल शे," जीवरामभाऊ मला म्हणाले. "चहाले थांबलो तरी लिखी लेस."

मी हसले. ते हसले नाहीत. कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक कमल. पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात दिली होती. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. तिचं पहिलं बाळंतपण सासरच्यांनी घरीच केलं आणि बाळ गेलं. जीवरामभाऊ तिथे गेले आणि चार माणसांत व्याह्याला, नथ्थू पाटलांना म्हणाले, "तुम्ही माझ्या पोरीलाही असंच मारणार." त्या दिवसापासून कमलचं माहेर तुटलं. पत्र नाही, निरोप नाही, दिवाळी नाही. आणि आखाजी नाही.

खानदेशात दिवाळीला लेक आली नाही तर आई-बाप समजून घेतात. आखाजीला आली नाही तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. अक्षय तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, सासूच्या नावानं बोटं मोडतात. कमलला तीन वर्षं कोणी सोडलं नव्हतं.

जीवरामभाऊ सोमवार-गुरुवार टपाल घेऊन धुळ्याला जात. गावाबाहेर रस्त्याकडेला विहीर होती. अकराच्या सुमारास कमल तिथे धुणं घेऊन यायची. बाप गाडी थांबवायचा, रेडिएटरमध्ये पाणी घालायचा. बोलणं दोन-चार शब्दांचं, तेही एकमेकांकडे न बघता. यशोदाबाई, म्हणजे तिची आई, गाडीच्या फडक्यात गुंडाळून कधी लाडू द्यायची, कधी चोळीचा खण. नवऱ्याच्या तोंडून लेकीची खबर ऐकली की ती तेवढ्यावर तीन दिवस जगायची.

डबा बसल्यावर हे थांबे चकतीवर उमटू लागले. सात मिनिटं, नऊ मिनिटं. पाणी घालायला तेवढा वेळ लागतो, म्हणून कोणी विचारलं नाही.

त्या वर्षीची आखाजी सोमवारी आली.

पुढच्या आठवड्यात जेवताना ह्यांनी सांगितलं. साहेबांनी ती चकती खिडकीशी धरली होती. गाडी अडतीस मिनिटं उभी. आणि त्यातली दहा-अकरा मिनिटं रेघ ना बारीक, ना जाड. बारीक लाटा, एकसारख्या.

"गाडी उभी, आणि तरी हलतेय," साहेब म्हणाले. "जीवराम, आत कोण होतं?"

तेवढ्यात एक क्लार्क खुदखुदत बोलला, "साहेब, आखाजी होती ना! झोका खेळत असतील."

सगळी कचेरी हसली. ह्यांनी सांगितलं, जीवराम त्या क्लार्ककडे असा बघत राहिला, जणू त्यानं झाडाआडून सगळं पाहिलं होतं.

तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा मेमो मिळाला. संध्याकाळी जीवरामभाऊ कागद घेऊन माझ्या ओट्यावर बसले. "इंजिन गरम झालं होतं, एवढंच लिहा ताई."

"आणि हललं कसं, विचारलं तर?"

मग त्यांनी सांगितलं. विहिरीवर त्या दिवशी कोणी नव्हतं. गावातल्या पोरी झोक्यावर, बाया पुरणावर. कमल म्हणाली, "दादा, औंदा बी झोका नही मना नशिबमा." त्यांनी जीपची मागची फळी पाडली, लेकीला तिच्यावर बसवलं, आणि दोन्ही हात लावून गाडी तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हलवायला लागले. वर-खाली, वर-खाली. ती पाय हलवत हळू आवाजात गाणं म्हणत होती. तेवीस वर्षांची बाई. "एक कडवं झालं की म्हणे, आजून एक."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथेच माझी अक्कल गेली. मी म्हटलं, "भाऊ, हेच लिहायचं. खरं ते. बापानं लेकीला भेटणं हा काय गुन्हा आहे?"

"गुन्हा नही ताई. पण ती सासरपासून चोरी शे."

"साहेबही लेकीचे बापच आहेत," मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "तुम्ही शिकेल शेतस. लिखा."

माझं अक्षर चांगलं. दीड पान लिहिलं. कमलचं नाव, सासऱ्याचं नाव, गावाचं नाव, विहिरीची जागा. चकतीला फक्त वेळ कळत होती. जागा मी सांगितली.

साहेब वाईट नव्हते. वाचून थोडे हललेही, असं हे म्हणाले. पण खुलासा आला की त्याची खात्री करायची, अशी रीत. प्रत त्या गावच्या तलाठ्याकडे गेली: चौकशी करून अहवाल द्यावा. तलाठ्यानं कोतवाल पाठवून नथ्थू पाटलांना चावडीवर बोलावलं आणि दहा माणसांदेखत वाचून दाखवलं. आपली सून अमुक तारखेला रस्त्यावर सरकारी जीपमध्ये बसली होती, हे खरं काय?

नथ्थू पाटील म्हणाले, "आमच्या घरची सून रस्त्यावरच्या गाडीत बसत नाही. त्या ड्रायव्हरनं कोणाला बसवलं असेल ते त्याला विचारा."

खाली अंगठा उठवला. अहवाल आला: खुलाशात तथ्य नाही.

घरी काय झालं ते यशोदाबाईला तिच्या मावसबहिणीकडून, सुंदरबाईकडून कळलं. ती त्याच गावात दिलेली. कमलचं विहिरीवर जाणं बंद झालं. सासरा एकच विचारत होता, "बोल, होतीस का तू तिथं?" आणि ती नाही म्हणत होती. मार खाऊनही नाही. हो म्हटलं असतं तर सासरा चावडीवर खोटा पडला असता, आणि मग तिला त्या घरात जागा नव्हती.

साहेबांनी जीवरामभाऊंना पुन्हा बोलावलं. म्हणाले, "मुलीला आण. माझ्यासमोर एक जबाब देऊ दे, मी प्रकरण मिटवतो." त्यांना वाटलं, आपण उपकार करतो आहोत.

जीवरामभाऊ माझ्याकडे आले. या वेळी बसले नाहीत.

"मनी आंडेरले कचेरीमा उभी करू? तिनं हो म्हटलं तर तिकडनं गेली, नाही म्हटलं तर सगळ्यांसमोर बापाला खोटं पाडलं." मग म्हणाले, "आता मी सांगतो तेच लिहा, ताई. एक शब्द तुमचा नको."

मी पेन हातात घेतलं.

"लिहा, आधीचा खुलासा खोटा होता. गाडीत परकी बाई होती."

"भाऊ..."

"लिहा. नाव माहीत नाही, लिहा."

यशोदाबाई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण नवऱ्याला अडवलं नाही. त्यांनी वाकून सही केली आणि कागद स्वतःच घेऊन गेले.

वेतनवाढ थांबली, सर्व्हिस बुकात शेरा पडला, गाडी काढून घेतली. धुळ्याच्या एका गोदामावर पहारेकरी म्हणून बदली झाली. कचेरीतली पोरं त्यांना पाठीमागे 'झोकेवाला' म्हणायची. निरोपाचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही.

हा दुसरा खुलासा तलाठ्यामार्फत गावात पोचला. नथ्थू पाटील शांत झाले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. कमलला पुन्हा कोणी हात लावला नाही, दोन वर्षांनी तिला मुलगा झाला, तो जगला. पण घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी सासू म्हणते, "बापानं गाडीत बाया बसवल्या, लेकीला काय वळण असणार?"

सुंदरबाईनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग कमल काय म्हणते?"

"काय म्हणनार माय? खाली मान घालून भाकर थापते. गाडीत कोन होतं, ते त्या घरात तिलाच ठाऊक."