पावसात मोकळी दिसणारी जागा

त्या दुपारी पाऊस जरा थांबला होता. माझा धाकटा भाऊ अरविंद उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "ताई, उत्तनला बांबू उभे राहिले असतील का गं?" मी म्हटलं, "अजून पाऊस आहे रे. दसऱ्याआधी कसे राहतील?" "हो... खरंच," म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. संध्याकाळी तो गेला. ओवी, ईशान, तुमच्या मामाआजोबांविषयी वर्तमानपत्रात 'माजी खासदार' एवढंच आलं. बाकीचं मी लिहून ठेवते आहे.

गिरगाव सोडून आम्ही पूनम सागर या नव्या वसाहतीत राहायला आलो तेव्हा नळाला पाणी नसायचं. अरविंद राजकारणात शिरला तो त्या पाण्यापायी. आधी नगरसेवक झाला आणि पुढे एकदाच खासदार. दिल्लीत एखादं विधेयक आलं की तो त्याचा मसुदा माझ्यापुढे टाकायचा. माझं शिक्षण इंग्रजीतलं, म्हणून मी त्याचं साधं मराठी करायचं आणि त्याने ते, ज्यांच्यावर तो कायदा लागू होणार त्यांच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं, असा आमचा शिरस्ता. असंच किनाऱ्याविषयीचं एक विधेयक घेऊन आम्ही उत्तनच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे फिलोमिनाबाई नावाच्या कोळीणबाई बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. अरविंदने किनाऱ्याचा सरकारी नकाशा पसरला. त्यात ती सगळी जागा 'मोकळी' दाखवली होती. फिलोमिनाबाई हसल्या. "भाऊ, मोजनीवाले आले ते पावसान. तवा बांबू काढलेले, बोंबील न्हाय. मंग मोकलीच दिसनार ना? आज ये म्हनावं."

परतीच्या वाटेवरच अरविंदने नवा मसुदा लिहायला घेतला. खासदाराला स्वतःच्या नावाने विधेयक मांडता येतं. त्याने ते मांडलं, अगदी छोटं: देशातल्या कुठल्याही किनाऱ्यावरची मासळी वाळवायची जागा, वाळवणीच्या दिवसांत पाहिल्याशिवाय मोकळी ठरवू नये. आमचे शेजारी जयंतीभाई त्याला जिन्यातच अडवायचे. "साहेब, उत्तन की मच्छी सूखेगी तो हमारे नल में पानी आयेगा क्या?" अरविंद म्हणायचा, "पानी का भी चल रहा है, जयंतीभाई. आप खिडकी बंद रखो, आज ताई बोंबील भाजणार आहे." दिल्लीतही तो फिलोमिनाबाईंनी दिलेले बोंबील डब्यातून न्यायचा. तिथल्या शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली तेव्हा मला फोन करून म्हणाला, "वास पोचला गं. आता विधेयक पोचायला हवं."

अशी विधेयकं शुक्रवारी दुपारी चर्चेला येतात. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. "नंबर लागला नाही." कधी चिठ्ठीत नाव निघालं नाही, कधी गोंधळात सभागृह तहकूब झालं. मुदत संपली, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक चर्चेला न येताच बाद झालं. त्याला पुन्हा तिकीट मिळालं नाही. पाण्याची लाइन मात्र आली. मला वाटायचं, त्यात त्याने समाधान मानावं. "मानलंय की," तो म्हणायचा, "पण नकाशात ती जागा अजून मोकळीच आहे, ताई." पुढे आजारपणात तो माझ्याकडे, मागच्या खोलीत येऊन राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक नव्या पुढाऱ्याच्या हातात त्या मसुद्याची प्रत द्यायचा. ते प्रत घ्यायचे, पायाला हात लावायचे आणि जायचे...

मागच्या आठवड्यात मी उत्तनला जाऊन आले. मांडव उभे राहिलेत. फिलोमिनाबाईंनी हंगामातले पहिले बोंबील डब्यात भरून दिले, नेहमीसारखे 'भाऊंसाठी'. मग त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी डबा परत घेतला नाही. मी तो आणून त्याच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. आजारपणात भाड्याने आणलेली खाट परत गेली आहे, औषधं टाकून दिली आहेत. एक टेबल, एक खुर्ची, बाकी काही नाही. काल जयंतीभाई आले, बराच वेळ अरविंदविषयी बोलले, डोळे पुसले. उठून जाताना त्या खोलीच्या दाराशी थांबले. त्यांच्या भाच्याला इथे नोकरी लागली आहे, त्याला जागा हवी आहे. चांगल्या मनानेच म्हणाले, "ताई, ये कमरा तो खाली ही है ना?"

मी म्हटलं, "नहीं, जयंतीभाई. खाली दिखता है."