भिजलेला प्लग

निवृत्तीनंतर मामांना छोटी विमानं उडवायचा नाद लागला. त्या विमानाचं मुठीएवढं इंजिन सुरू करताना आतल्या प्लगची तार लाल होईपर्यंत तापवावी लागते. थेट बॅटरी जोडून मामांनी दोन प्लग जाळले. मी मरोळच्या कारखान्यात सर्किटं जोडते आणि तपासते, म्हणून ते माझ्याकडे आले. तार हवी तेवढीच तापेल, असा मोजून करंट सोडणारं सर्किट मी बनवलं. घरी टेबलावर ते झकास चाललं.

रविवारी मुलुंडच्या मैदानात मात्र प्लग इंजिनात बसवून बटण दाबलं आणि करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा सरकन वर गेला. मी घाबरून बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. एकेक सांधा तपासला. काहीच सुटलेलं नव्हतं. मला काही कळेचना.

"अगं, सारखं बंद का करतेस?" मामांनी विचारलं.

"करंट वाढतोय मामा. हाही प्लग जळेल."

"घरी तो कोरडा होता. आता इंधनाने भिजून गार पडलाय, मग जास्त करंट लागणारच ना?"

नेमकं त्यासाठीच तर मी सर्किट बनवलं होतं: तार गार पडली की करंट वाढवायचा, तापली की कमी करायचा. तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि हात मागे घेतला. मामांनी विमानाचा पंखा फिरवला, इंजिन फटफटत सुरू झालं आणि काटा आपोआप खाली आला. मामा हरखून गेले. मी मात्र मीटरकडेच बघत राहिले. कारखान्यात अशी किती चांगली सर्किटं मी बिघडलेली म्हणून बाजूला काढली असतील, कोण जाणे.