फोटोत आलेली काठी

फोटो बिघडतो म्हणून मी एकदा मुरुडच्या किनाऱ्यावरची काठी उपटून फेकली होती. तेव्हा मी पन्नाशीची, सुट्टीवर आलेली, गळ्यात नवा कॅमेरा आणि अंगात खंडीभर खिशांचं जाकीट. पक्षी मात्र दोनच ओळखता यायचे, कावळा आणि बगळा. त्या सकाळी वाळूत एक इवलासा पक्षी दिसला, चिखल्या हे त्याचं नाव मला नंतर कळलं, आणि त्याच्या शेजारी चिंधी बांधलेली ती मेली काठी. ती काढल्यावर फोटो काय झकास आले!

तेवढ्यात पलीकडे बोंबील वाळत घालणारी कोळीण धावत आली. "ओ बाई, काठी कुठं हाय? तिथं अंडी हायत त्याची!"

घोडागाड्या लांबून जाव्यात म्हणून तिनेच ती रोवली होती. अंडी वाळूच्याच रंगाची, त्यामुळे आता जागा तिलाही सापडेना. माझा पाय तर पडला नसेल ना त्यांच्यावर?

"आलात तशाच मागं फिरा आनि लांब बसा," ती म्हणाली. "पाखरूच दाखवील."

येणारी घोडागाडी तिने हात करून थांबवली. बऱ्याच वेळाने चिखल्या तुरुतुरु आला आणि माझ्या पावलाच्या ठशापासून वीतभर अंतरावर पिसं फुलवून बसला. कोळणीने जाऊन पाहिलं. तीन अंडी, तिन्ही शाबूत. मी फेकलेली काठी आणून तिच्या हातात दिली.

काठी पुन्हा रोवून ती माझ्याकडे वळली. "वाचलात बाई! एक जरी फुटलं असतं ना, तर हितं तुमालाच उभं केलं असतं, डोक्याला चिंधी बांधून."