बिबड्यांखालच्या समाध्या

जुने धुळे पाहायचं तर उन्हाळ्यातच. जळगावहून सकाळच्या पहिल्या एसटीत बसलो, पारोळ्याला चहा घेतला आणि धुळ्याच्या स्टँडवरून शेअर रिक्षाने पांझरेकाठी उतरलो. पुढे गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, पायीच फिरा.

मला पाहायची होती गोसाव्यांची जुनी दफनभूमी. गोसावी आपलं माणूस जाळत नाहीत. बसवून पुरतात, वर दगडी ओटा बांधतात, त्यावर पिंड ठेवतात. घरांमागचं ते आवार पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. ओट्यांवर, ओट्यांच्या मधे, सगळीकडे जुनी धोतरं पसरलेली आणि त्यांवर ज्वारीचे बिबडे, आमचे खानदेशी पापड, वाळत घातलेले!

"पूर्वजांचा मान ठेवायची ही रीत?" मी सुरूच झालो. इतिहास, अस्मिता, काही सोडलं नाही. घाट्याच्या पातेल्याजवळ बिबडे थापत बसलेल्या, तिथल्याच गिरी अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तुन्हं भाषण व्हयनं का? मंग घाटा खाई ले."

बिबड्यांसाठी शिजवलेला तो ऊन घाटा तेल घालून खाल्ला. फार चवदार. पण माघार मी घेतली नाही. फोटोसाठी फाटकाजवळच्या दोन ओट्यांमधलं धोतर बिबड्यांसकट उचलून बाजेवर ठेवलं.

पाचच मिनिटांत एक पांढरी गाडी फाटकातून आत शिरली. बंपर ओट्याला टेकायचाच बाकी.

"अहो, ही समाधी आहे!" मी ओरडलो.

"माहीत आहे की, नाना. जागा मोकळी दिसली म्हणून लावतोय."

मी पुन्हा बोललो, चढ्या आवाजात. त्याने इंजिन बंद केलं. तेवढ्यात अक्का उठल्या आणि बाजेवरचं धोतर त्याच्या चाकांपुढे पसरलं.

"चालाव आते गाडी बिबडावरथून!"

त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं. अन्नावरून चाक कोण नेणार? गाडी मुकाट्याने मागे गेली.

"गया साल मी आजारी व्हतू. बिबडा नही टाकात, ते त्या कोपराना ओटा गाडीखाल फुटना," अक्का म्हणाल्या. मग समोरच्या ओट्यावर हात ठेवला. "याखाल मन्हा सासराना बाप बठेल शे."

मी बाह्या सरसावल्या. हात ओला करून दुपारपर्यंत बिबडे थापले. माझे वेडेवाकडे झाले, बायका हसल्या.

घरी आल्यावर अक्कांनी दिलेला बिबडा भाजला, शेंगदाण्यांबरोबर खाल्ला. वारसा जपा, हे मी आजही ठणकावून सांगेन. फक्त तिथे जाल तेव्हा फोटोसाठी जागा मोकळी करू नका. निघताना काढलेल्या माझ्या फोटोत समाध्या दिसत नाहीत, नुसते बिबडेच दिसतात. तोच फोटो मी भिंतीवर लावला आहे.